ओल्या अंगठ्याची परीक्षा

गिरीज गावच्या आमच्या सरांना माणसाचं नाव कधीही लक्षात राहिलं नाही. गाव मात्र एकदा ऐकलं की कायमचं पक्कं. त्यामुळे त्यांच्या ओट्यावर मी मयूरी कधीच नव्हते. मी 'जूचंद्र' होते. नालासोपाऱ्याहून येणारे एक इंजिनीअर 'सोपारा' होते. आणि ज्याला सरांनी जन्मात पाहिलं नव्हतं, जो परदेशातून आमच्या कामात दुरुस्त्या पाठवायचा, तो 'जर्मनी'. "जर्मनीला कळव, रविवारी सकाळी मी चर्चमध्ये मिस्साला असतो, उत्तर दुपारी मिळेल," असं ते मला अगदी सहज सांगत. जर्मनी नायगावच्या खाडीपलीकडे राहतो आणि मी घरी जाता जाता त्याच्या कानावर घालणार आहे, असाच त्यांचा समज असावा.

सर शाळेत गणित शिकवायचे. शाळेत पहिल्यांदा कॉम्प्युटर आले तेव्हा तो विषय कोणी घ्यायचा यावर स्टाफरूममध्ये बैठक झाली. त्या दिवशी सर रजेवर होते, म्हणून तो विषय त्यांच्या गळ्यात पडला. "मी त्या दिवशी केळी उतरवायला थांबलो नसतो, तर आज सुखात असतो," असं ते म्हणायचे. प्रत्यक्षात त्या यंत्रावर त्यांचा इतका जीव जडला की निवृत्त झाल्यावर शाळेने शाल-श्रीफळ दिलं, तेव्हा त्यांनी शाल टीचरांना दिली, श्रीफळ वाडीतलंच आहे म्हणून परत केलं आणि त्याऐवजी एक जुना कीबोर्ड मागून घेतला. टीचर म्हणजे त्यांच्या पत्नी. त्याही शिक्षिका होत्या, त्यामुळे घरात दोघंही एकमेकांना अहो-जाहो करत आणि एकमेकांच्या चुका काढत.

सरांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी गावात वेबसाइटींचा सुकाळ केला होता. शाळेची वेबसाइट, वाचनालयाची, पॅरिशची, बागायतदारांच्या संघाची. एकीवर तारीख निवडता येत नसे, दुसरीवर 'पाठवा'चं बटण कीबोर्डच्या खाली लपून बसे. लोक तक्रार घेऊन सरांकडे येत, कारण त्या पोरांना शिकवलं कोणी, तर सरांनी. शेवटी एका रविवारी सरांनी दोन-तीन जणांना ओट्यावर बसवलं आणि जाहीर केलं, "एकच बटण प्रत्येकाने वेगवेगळं चुकवण्यापेक्षा आपण सगळे मिळून एकदाच नीट चुकवू."

अशी आमची लायब्ररी सुरू झाली. लायब्ररी म्हणजे पुस्तकांची नव्हे. वेबसाइटला लागणारे तयार सुटे भाग: बटण, तारखेची चौकट, नाव लिहायची पेटी. एकदा करून ठेवायचे, सगळ्यांसाठी उघडे ठेवायचे. ज्याला हवे त्याने न्यावेत, आणि ज्याला खोट दिसेल त्याने दुरुस्ती सुचवावी. नाव काय ठेवायचं यावर म्हणे जेवणाची वेळ टळून गेली. तेव्हा टीचर आतून म्हणाल्या, "अहो, वाडीत बसलाय, 'वाडी' म्हणा आणि जेवायला उठा." मग परवान्याचा, म्हणजे हे भाग कोणी कसे वापरायचे याचा, कागद आला. सरांनी तो पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचला आणि खाली मराठीत सारांश लिहिला: 'वाटेल त्याने घ्या, वाटेल तिथे लावा, बिघडलं तर आमच्या नावाने बोंबलू नका.' तो सारांश अजून तिथे आहे.

दुरुस्ती कोणीही सुचवू शकत असे, पण ती आत घ्यायची की नाही हे ठरवणारी किल्ली एकट्या सरांकडे. आणि सरांचं ठरलेलं उत्तर, 'नको'. लांबलचक कारणमीमांसा वगैरे नाही. तुम्ही तीन दिवस खपून काही पाठवावं आणि समोरून दोन अक्षरं यावीत. जर्मनीला हा शब्द इतक्या वेळा मिळाला की पुढे पुढे तोच स्वतःच्या कामाखाली आधीच लिहायचा, "सर, मला ठाऊक आहे, नको. पण का?" मग मात्र सर खुलत आणि 'डियर जर्मनी' अशी सुरुवात करून त्याला दोन पानी उत्तर पाठवत. त्यात एक पान बटणाबद्दल असे आणि दुसरं केळीवरच्या किडीबद्दल.

एका बाबतीत सर कधी वाकले नाहीत. चूक झाल्यावर पडद्यावर जी सूचना येते, ती माणसाला टोचता कामा नये. मी एकदा 'अवैध नोंद' असं लिहिलं होतं. सरांनी ते तिथल्या तिथे खोडलं आणि 'नाव लिहायचं राहिलं' असं केलं. "मी तीस वर्षं वर्गात ओरडलो," ते म्हणाले, "कोणाच्या गणितात काडीचा फरक पडला नाही. निदान बटणाने तरी ओरडू नये." आतून टीचर म्हणाल्या, "घरातही ओरडून काही फरक पडला नाही, तेही लिहा."

आणि त्यांची ती परीक्षा! प्रत्येक नवा भाग आत घेण्याआधी सर तो मोबाइलवर उघडून शनिवारी सकाळी स्कूटरवरून पाचूबंदरला नेत. तिथे मासळीचा लिलाव उरकला की मासे विकणाऱ्या रोझामावशीच्या पाटीसमोर उकिडवे बसत आणि मोबाइल तिच्यापुढे धरत. मावशीच्या हाताला पाणी, खवले, बर्फ, सगळं असे. त्या अंगठ्याने बटण नीट चाललं तर पास, नाही तर परत. "ऑफिसात एसीत बसलेल्या माणसाचं बोट कोरडं असतं, त्याची काळजी सगळं जग करतं," सर म्हणत. मावशीचा शेरा ठरलेला असे. "मास्तर, पानी लागलं की ह्याला ताप चढतोय. घरी न्या ह्याला." जर्मनीला ही परीक्षा इतकी आवडली की त्याने भांड्यांच्या साबणात हात बुडवून बटणं दाबली आणि फोटो पाठवला. सरांनी त्याला कळवलं, "प्रयत्न चांगला. पण साबण म्हणजे बोंबील नव्हे."

मी या मंडळीत आले ती पोटासाठी. माझी कंपनी एका सकाळी बंद झाली होती. आई शेजाऱ्यांना सांगायची, "मयूरीचं वर्क फ्रॉम होम चालू आहे," आणि मी घरात बसून अर्ज पाठवायची. जिथे जावं तिथे विचारत, तुमचं उघड्यावर असलेलं, दुसऱ्याने तपासून स्वीकारलेलं काम दाखवा. माझं सगळं काम त्या बंद कंपनीच्या कुलपात. शोधता शोधता 'वाडी' सापडली. त्यात नवशिक्यांसाठी एक काम होतं: 'बटणाची सावली काढून टाकणे. अट: वाद घालायचा नाही.' मी वाद घातला. सरांनी विचारलं, गाव कोणतं? जूचंद्र म्हटल्यावर म्हणाले, "मग रविवारी ये आणि समोर बसून भांड."

दोन महिने मी संख्येची पेटी करत होते. उणे, मधे आकडा, अधिक. किती नग हवेत ते सांगायला. माझ्या पेटीत एक खुबी होती. अधिकवर बोट दाबून धरलं की आकडा भराभर वर चढे. मला तिचा केवढा अभिमान! सरांनी ती सात वेळा परत केली. "घाई कोणाला आहे?" हा त्यांचा प्रश्न, आणि "पाचूबंदरला पास झाली की घेतो," हे त्यांचं पालुपद. पण दोन शनिवार काही ना काही आडवं आलं. आणि एवढ्यात पुण्याच्या एका कंपनीने पुढच्या सोमवारची मुलाखत दिली आणि स्वीकारलेल्या कामाची लिंक आधी पाठवा म्हणून सांगितलं. माझ्याकडे पाठवायला काहीच नव्हतं. ही संधी गेली तर आईला शेजाऱ्यांशी आणखी किती दिवस खोटं बोलावं लागणार, हे मला रोज तिच्याकडे बघून कळत होतं.

त्याच आठवड्यात सर गावच्या सणाच्या तयारीत अडकले. जर्मनीची एक किरकोळ दुरुस्ती पडून होती, म्हणून त्यांनी फोनवर सांगितलं, "जूचंद्र, तुला किल्ली देतो. जर्मनीचं तेवढं आत घे." मी जर्मनीचं आत घेतलं. आणि त्याच दमात माझंही. स्वतःच नवरी, स्वतःच भटजी. ओल्या अंगठ्याचं म्हणाल तर मी घरी नळाखाली बोट भिजवून बघितलं होतं, पेटी छान चालली होती. मी पुण्याला लिंक पाठवली आणि आईला म्हटलं, आज शिरा कर.

गावात महिला मंडळ फुग्यांच्या ऑर्डरी घेई. फुग्या म्हणजे लग्नाला, बाप्तिस्म्याला लागणारे तळलेले गोल पाव. त्यांच्याशिवाय इथलं कार्य पार पडत नाही. मंडळाच्या वेबसाइटवर आमच्या 'वाडी'चे भाग होते, आणि आम्ही काही नवं आत घेतलं की तिथे ते आपोआप पोचे. बुधवारी रोझामावशीने नातवाच्या बाप्तिस्म्यासाठी ऑर्डर दिली. तिला हव्या होत्या चाळीस फुग्या. पाटीवर बसल्या बसल्या तिने अधिकवर अंगठा धरला, चाळीस आले, तिने अंगठा उचलला. पण मासळीचं पाणी नळाच्या पाण्यासारखं ओघळून जात नाही, ते चिकटून बसतं. माझ्या पेटीला वाटलं, अंगठा अजून आहे. मावशी गिऱ्हाइकाला पापलेट दाखवत होती, आकडा चढत होता. मग तिने न बघता 'पाठवा' दाबलं.

चारशे.

मंडळातल्या एकीलाही शंका आली नाही, हे मला आजही नवल वाटतं. नंतर विचारलं तर मंडळाच्या बायका मलाच हसल्या. "पाचूबंदरचं घर, पहिला नातू, आणि रोझा आजी! आम्हाला तर चारशे कमीच वाटल्या. आम्ही वर वीस जास्त टाकल्या." पहाटेपासून कढया चढवून त्यांनी तळलं आणि रविवारी टेम्पो थेट मावशीच्या दारात उभा केला.

मला फोन आला तो सरांचा. आवाज अगदी शांत. "जूचंद्र, पाचूबंदरला ये. भूक ठेवून ये."

मी पोचले तेव्हा ओसरीवर, खाटेवर, होडीच्या उलट्या घातलेल्या बुडावर, सगळीकडे फुग्यांच्या टोपल्या होत्या आणि मधे रोझामावशी कमरेवर हात देऊन उभी होती. मंडळाच्या बायका म्हणत होत्या, निम्म्या परत नेतो. मावशी ऐकायला तयार नव्हती. "नातवाच्या बाप्तिस्म्याला दारात आलेलं परत धाडू? उद्या गाव काय बोलेल?" तिने मुलांना बंदरावर पिटाळलं, प्रत्येक होडीवर निरोप गेला, आणि चाळीस माणसांचा कार्यक्रम बघता बघता अख्ख्या बंदराचा झाला. मावशीच्या सुना घाईघाईने कालवणात पाणी वाढवत होत्या आणि मधूनमधून माझ्याकडे बघत होत्या. सर्वांना समजलं होतं की ती पेटी माझी. सरांनी माझ्या हातात टोपली दिली. "वाढ. प्रत्येकाला विचारून वाढ, आणखी हवी का. दाबून धरू नकोस." मी दोन तास वाढत होते. बाळ तेवढं शांत झोपलं होतं.

संध्याकाळी आम्ही गिरीजला ओट्यावर आलो. सरांनी लॅपटॉप उघडला. माझी पेटी मागे घ्यायची होती, आणि आमच्याकडे काही मागे घेतलं की ते जगाला दिसतं: काय काढलं, कोणी काढलं, का काढलं. उद्या अकरा वाजता पुण्याचे लोक तेच पान उघडणार होते. मी लाज सोडून विचारलं, "सर, मंगळवारी मागे घेतलं तर नाही का चालणार?"

सरांना माझ्या आईची ती वर्क फ्रॉम होमची गोष्ट माहीत होती. तरी ते म्हणाले, "उद्या सकाळी आणखी एखादी मावशी ऑर्डर देईल. नको." आणि त्यांनी बटण दाबलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचंच होतं ते, उगाच पश्चात्ताप वगैरे म्हणत नाही. पण मग त्यांनी कारणाच्या रकान्यात टाईप केलेलं मी वाचलं: 'चूक मेंटेनरची. किल्ली देताना ती कशापुरती आहे हे लिहून दिलं नाही.' मेंटेनर म्हणजे ते स्वतः. माझं नावच नव्हतं. चूक माझी आहे हे पुण्याच्या लोकांना कळलंच नसतं.

मी ते तीनदा वाचलं. मग लॅपटॉप माझ्याकडे ओढला आणि खाली लिहिलं: 'किल्ली माझ्याकडे होती. माझं काम मीच आत घेतलं, ओल्या अंगठ्याची परीक्षा न देता. चारशे फुग्या निघाल्या. चूक माझी.' टीचर दारात उभ्या राहून वाचत होत्या. त्या म्हणाल्या, "चारशे वीस." मी तेही दुरुस्त केलं.

दाबून धरण्याची ती खुबी मी तिथेच बसून काढून टाकली. आकडा शंभरावर गेला तर पेटी थांबून नम्रपणे विचारेल, 'एवढ्या?' हेही घातलं. सोमवारी सकाळी सात वाजता आम्ही पाचूबंदरला होतो. रोझामावशीने मुद्दाम हात बर्फात घोळवला आणि माझ्या पेटीवर असा अंगठा धरला की तिचा जुना सूडच असावा. आकडा एकाने वाढला आणि थांबला. तिने दहा वेळा केलं. शेवटी सरांकडे बघून म्हणाली, "घ्या मास्तर. शानी झाली ही." हे पेटीला होतं की मला, ते मी विचारलं नाही. सरांनी तिथेच उकिडवं बसून पेटी आत घेतली. आठव्या खेपेला. मग मला म्हणाले, "पळ. मुलाखतीला बोंबलाचा वास येऊ देऊ नकोस, नाही तर तेवढ्यावरच घेतील."

मुलाखत पडद्यावरच होती. पुण्याच्या तिघांनी ते पान उघडलं होतं, आणि पहिला प्रश्न आला, "फुग्या म्हणजे नक्की काय?" पाऊण तासातला अर्धा वेळ मी त्यांना बाप्तिस्मा समजावत होते. बुधवारी नोकरीचं पत्र आलं. आईने शेजाऱ्यांना ते दाखवलं नाही, कारण त्यांच्या लेखी मी नोकरीत होतेच.

त्यानंतर सरांनी दोन गोष्टी केल्या. एक, 'वाडी'त नियम घातला की आपलं काम आपणच आत घ्यायचं नाही. एकाने मांडायचं, दुसऱ्याने तपासून घ्यायचं. सरांनाही ते लागू. दोन, मला आणि जर्मनीला कायमची किल्ली दिली. मी म्हटलं, माझ्यावर अजून विश्वास कसा काय? तर म्हणाले, "ज्याच्या हातून एकदा चारशे वीस फुग्या निघाल्यात, तो पुढे जपून राहतो. ज्याच्या हातून काहीच निघालं नाही, त्याचीच मला भीती वाटते." नोकरी लागल्यावरही माझे रविवार गिरीजलाच गेले. घरी एवढं मी कुणाशी भांडले नाही आणि एवढं कुणाकडून शिकलेही नाही.

गेल्या वर्षी ईस्टरआधीच्या उपवासकाळात सर गेले. सकाळी वाडीत पाणी सोडायला म्हणून गेले ते तिथेच बसले. अंत्यविधीला पाचूबंदरहून माणसं आली होती. फादरांनी प्रवचनात त्यांचं संपूर्ण नाव घेतलं आणि आम्ही ओट्यावरची मंडळी क्षणभर एकमेकांकडे बघत राहिलो. आम्ही त्यांना नावाने कधी हाकच मारली नव्हती. जर्मनीने टीचरांना पत्र पाठवलं. मी ते त्यांना मराठीत वाचून दाखवायला घेतलं आणि अर्ध्यात थांबले, उरलेलं आमच्या 'सोपारा' इंजिनीअरांनी वाचलं.

सहा महिन्यांनी एका सकाळी 'वाडी'ने मला आपोआप एक आठवण पाठवली. सरांनीच घालून ठेवलेला नियम होता तो: 'सहा महिने जो इकडे फिरकला नाही, त्याची किल्ली काढून घ्यावी. मालक नसलेली किल्ली कोणाच्याही हाती लागते. माणूस कितीही मोठा असो.' नियम बरोबर आहे. मी तो दुसऱ्या कुणाच्याही बाबतीत त्याच दिवशी पाळला असता. तीन दिवस मी ते पान उघडत होते आणि मिटत होते. चौथ्या दिवशी सरांची किल्ली काढायची विनंती मांडली. कारणाचा रकाना सरांनी सक्तीचा केलेला, तो रिकामा सोडता येत नाही. मी लिहिलं, 'सर आता येणार नाहीत.'

माझं काम मलाच आत घेता येत नाही. आता ते जर्मनीने घ्यायचं. तो तासाभरात उत्तर देणारा माणूस. यावेळी आठवडा घेतला. मग लिहिलं, विनंतीवर तारीख नाही. मी तारीख घातली. पंधरा दिवसांनी कळवलं, मथळा फार त्रोटक आहे. मी वाढवला. मग त्याची सुट्टी निघाली, मग त्याला ताप आला. परवा त्याने लिहिलं, खाली एक ओळ उगाच मोकळी सुटली आहे, ती काढ, मग बघू.

ओळ मी काढली नाही. अजून एक मोकळी सोडली आणि परत पाठवलं.